भाऊगर्दी म्हणजे नुसती गर्दी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणुका आल्या की 'इच्छुकांची भाऊगर्दी' हा मथळा ठरलेला. त्याला माझी हरकत नाही. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जमलेल्या लोकांनाही हाच शब्द लावलेला वाचला, म्हणून हे पत्र.

नागपुरात पानठेल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळेच 'भाऊ'. त्यामुळे भाऊंची गर्दी ती भाऊगर्दी, असे इथले बरेच तरुण धरून चालतात. या शब्दातले भाऊ मात्र एकच, सदाशिवरावभाऊ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि लढाईत शिरले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला, वाट फुटेल तिकडे माणसे पळाली आणि कापली गेली. शिवाय जुन्या मराठीत 'गर्दी' शब्दही आजच्याइतका साधा नव्हता. दंगल, कापाकापी, धूळधाण असा त्याचा अर्थ होता. 'गर्दीस मिळवणे' हा वाक्प्रचार त्यातलाच. सूरजमल जाटाच्या फौजेने १७५३ साली दिल्ली लुटली, तिला दिल्लीकर 'जाटगर्दी' म्हणत.

म्हणजे माणसे पुष्कळ असली की भाऊगर्दी होत नाही. कुणाचा कुणाला मेळ उरत नाही, जो तो आपला जीव घेऊन धावतो, तेव्हा ती होते. अशी पळापळ या शहराने पाहिली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधवांच्या मोर्चावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. तिथेही दोष जमावाचा नव्हता, हे नागपूरकर जाणतो.

दीक्षाभूमीवर तर याच्या अगदी उलट. १९५६ पासून लोक येतात ते मनाने ठरवून. पांढरे लुगडे नेसलेली आजी एका हातात नातवाचा हात आणि दुसऱ्यात भाकरीची नि नव्या पुस्तकांची पिशवी धरून स्तूपाच्या रांगेत तासन्तास पुढे सरकते. समता सैनिक दलाची पोरे वाट करून देतात, कुणीतरी पाणी पुढे करते. रांग मोडत नाही. अंबारी रिकामी झाली म्हणून पांगणारी ही माणसे नव्हेत. बाबासाहेब गेले त्याला इतकी वर्षे झाली, तरी ती दरवर्षी येतातच.

उमेदवारीच्या रेटारेटीला भाऊगर्दी शोभते, तिथे ज्याला त्याला आपलीच पडलेली असते. दसऱ्याच्या अंकात मात्र आपल्या उपसंपादकांनी 'जनसागर' लिहावे, किंवा सरळ 'लाखो अनुयायी', एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
महाल, नागपूर