काकू, त्या संध्याकाळी तुम्ही बेल दाबलीत

काकू, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला लागले, की तुम्ही "पुरे गं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांदेखत लिहितेय, कारण ते इतर शेजाऱ्यांनीही वाचायला हवं.

पुण्यात, धनकवडीतल्या आपल्या त्या इमारतीत आमच्या घरातला मारहाणीचा आवाज सगळ्या मजल्यांवर ऐकू जायचा. तो ऐकू आला की टीव्हीचे आवाज वाढायचे. तुम्ही मात्र खाली आलात आणि बेल दाबलीत. गाऊनवर ओढणी, बोटांना कणीक. "मिक्सरचं भांडं द्या हो जरा, आमचं बिघडलंय." भांडं हातात दिलं तरी तुम्ही दारातून हलला नाहीत. माझ्या नवऱ्याकडे बघत उभ्या राहिलात आणि मग मला म्हणालात, "चल गं, वर ये जरा." हे थांबू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चौकीत मला "नवरा-बायकोचं भांडण आहे, घरातच मिटवा" असं सांगून परत पाठवलं होतं. पुढे संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरात हिंसा सोसणाऱ्या बायकांच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, तुम्हीच मला घेऊन गेलात. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 4 तेव्हा ना तुम्हाला ठाऊक होतं, ना मला. हिंसा होतेय असं मानायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि खऱ्या मनाने कळवणाऱ्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी ऐकलंय, ते मी सांगणार." अहवाल लिहून घेताना मला एकही तारीख आठवेना. तुम्ही सांगत गेलात : गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी. तुमच्या आठवणीवर तो कागद उभा राहिला. घर त्याच्या नावावर असलं तरी मला तिथून असं बाहेर काढता येत नाही, हेही त्याच दिवशी कळलं. मग शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा, तुमचा डबा आणि "नसती उठाठेव करतात या" हे तुम्ही ऐकून घेतलेले टोमणे. त्या टोमण्यांचा मला आजही राग येतो.

बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या आमच्या कार्यक्रमांसाठी 25 नोव्हेंबरच का, असं तुम्ही विचारलं होतंत. 1960 साली याच तारखेला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल बहिणींना हुकूमशहा त्रुहिल्योच्या माणसांनी मारलं. लॅटिन अमेरिकेतल्या बायकांनी ती तारीख जपली आणि 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केली. तिथपासून 10 डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंत सोळा दिवसांची मोहीम 1991 पासून जगभर चालते. बाईला मारणं हा घरगुती मामला नाही, मानवी हक्कांचा भंग आहे, हे या दोन तारखा जोडून सांगायचं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की जगात दर तीन बायकांपैकी साधारण एकीने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. म्हणजे आपल्यासारख्या प्रत्येक जिन्यात कुणीतरी आहे. 2008 साली आपल्या देशात 'बेल बजाओ' मोहीम झाली, तीसुद्धा हेच सांगत होती : मारहाणीचा आवाज आला तर दार वाजवा. गुडलक चौकात फलक धरून उभं राहायला मला आवडतं, ते करायलाच हवं. पण माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्यापर्यंत कायदा पोचला तो तुम्ही जिना उतरलात म्हणून.

यंदा सोसायट्यांमधल्या बैठका आपण धनकवडीपासून सुरू करतोय. कलम 4 आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून जिन्याजिन्यात लावणार आहोत. दर बैठकीत कुणीतरी विचारतंच, "बेल दाबली, पण पुढे बोलायचं काय?" यावेळी उत्तर तुम्ही द्यावं असं फार वाटतं. भाषण नको, माईकही नको, नेहमीसारखं बोला. मी न्यायला येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची