मीटरवर ६१ हजार, सर्व्हिस रेकॉर्डवर १ लाख ८ हजार: गाडी परत घ्या

दि. १६ जून २०२५
अमळनेर, जि. जळगाव

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे.
प्रत: शाखा व्यवस्थापक, नाशिक.

विषय: नाशिक शाखेतून घेतलेली जुनी मारुती सियाझ डिझेल (सप्टेंबर २०१७, ठाणे पासिंग) परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या नाशिक शाखेतून मी १२ एप्रिल २०२५ रोजी वरील गाडी ५,७२,००० रुपयांना घेतली. नावावर करून देण्याचे ९,५०० आणि वर्षभराच्या वॉरंटीचे १२,००० धरून एकूण ५,९३,५०० रुपये माझ्या बँक खात्यातून आपल्याकडे गेले. आपल्या तपासणी अहवालात छापले आहे की गाडी ६१,३४० किलोमीटर चालली आहे, तिचा मालक एकच आहे आणि तिला अपघात झालेला नाही. यातली एकच गोष्ट खरी निघाली. मालक एकच होता.

आपल्या हेल्पलाइनने मला एक मोफत सर्व्हिसिंग आणि एसीच्या खर्चापैकी ८,००० रुपये देऊ केले आहेत, तेही 'गुडविल' म्हणून. ते मला नको आहे. का नको, ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुन्हा दुसऱ्या एखाद्या मुलीला फोनवर सगळे पहिल्यापासून सांगावे लागणार नाही. त्या बिचाऱ्या मुलींचा यात काही दोष नाही.

माझे बजेट सर्व खर्चासह सहा लाखांचे होते. एवढ्यात नवीन घ्यायची तर लहान हॅचबॅक येते. घरात आम्ही पाच माणसे. आईच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे. उंच गाडीत तिला चढवत नाही आणि लहान गाडीच्या मागच्या सीटवर पाय मोकळे होत नाहीत. म्हणून सेडानच, आणि तीही मोठी, हे ठरलेले होते. हल्ली ज्याला त्याला उंच गाडी हवी, त्यामुळे जुन्या सेडानचे भाव उतरलेले आहेत आणि आमच्यासारख्याला तेच सोयीचे. सिटी पाहिली, व्हर्ना पाहिली, करोला अल्टिसवर तर मुलाचा फारच जीव होता. पण सियाझची मागची जागा ऐसपैस, डिकी ५१० लिटरची, पार्ट अमळनेरपासून शहाद्यापर्यंत कुठेही मिळणारे आणि २०१७ ची गाडी म्हणून पासिंग २०३२ पर्यंत. हिशेब चोख होता.

धुळ्यात एका दलालाकडे याच वर्षाची सियाझ ५,१०,००० ला उभी होती. तिचा मीटर ८८ हजार दाखवत होता आणि दलालाने लपवाछपवी न करता तेवढाच सांगितला. ती सोडून मी आपल्याकडे ६२,००० रुपये जास्त मोजले ते कमी रनिंगसाठी आणि आपल्या अहवालासाठी. 'दोनशे मुद्द्यांची तपासणी' अशी पाटी आपल्या शोरूममध्ये दारातच आहे. मी सर्व्हिस रेकॉर्ड मागितला, तेव्हा आपल्या सेल्समनचे उत्तर होते, "काका, अहवालात सगळं आलंय. डोळे झाकून घ्या." त्या वेळी सोबत माझा मुलगा आणि धाकटे मेहुणे होते. दोघेही हे सांगायला तयार आहेत.

आता एसीचे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलीला माहेरी आणायचे होते, म्हणून २८ एप्रिलला शहाद्याला निघालो. खान्देशातला एप्रिल काय असतो हे पुण्यात बसून कळायचे नाही. दोंडाईचाच्या अलीकडे एसीतून गरम हवा यायला लागली आणि थोड्या वेळाने कॉम्प्रेसरचा कर्कश आवाज सुरू झाला. परतीच्या वाटेवर गाडीत आठ महिन्यांचा नातू होता. ओला पंचा काचेला लावून आम्ही सारंगखेडा, दोंडाईचा, बेटावद करत घरी आलो. आपल्या अहवालात एसीपुढे 'उत्तम' असा शेरा आहे. कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी मिळून २१,४०० रुपये झाले, बिल सोबत आहे. एसी बिघडला म्हणून मात्र मी गाडी परत करत नाही. जुन्या गाडीचा एसी जातो, हे मलाही कळते.

खरी गोष्ट गॅरेजमध्ये कळली. आमचा मेकॅनिक ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी उकिडवा बसला आणि एसीचे बघायचे सोडून त्याने क्लचच्या पेडलवर अंगठा फिरवला. पेडलच्या रबरावरच्या रेघा पार गेलेल्या, उजव्या कडेला तर आतली पट्टी चमकत होती. शेजारी ब्रेकचे रबर कोरे करकरीत. स्टिअरिंगवर नवे कव्हर घातलेले होते. त्याने ते सोडवले तर खाली घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी स्टिअरिंग तेल लावल्यासारखे गुळगुळीत. मग बॉनेट उघडून बॅटरीमागच्या पत्र्यावर चिकटवलेला एक मळका कागद त्याने ओल्या कापसाने पुसला. ऑइल बदलल्यावर लावतात तो. कोणीतरी नखाने खरवडलेला, पण अर्धा शाबूत: 'पुढील ऑइल १,२०,००० कि.मी.' मेकॅनिक म्हणाला, "आप्पा, हाई गाडी साठ हजार चालेल नही शे. लाखना वर गयेल शे."

कागद खरवडायला ज्याच्याकडे वेळ होता, त्याने तो पूर्ण का काढला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

मेकॅनिकच्या शब्दावर आपण विश्वास ठेवणार नाही, म्हणून गाडी जळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे गाडीचा नंबर टाकताच संगणकावर जुन्या नोंदी निघाल्या. शेवटची नोंद नोव्हेंबर २०२२ मधली, ठाण्यातली, मीटर १,०८,६४२. त्या आधीच्या नोंदीही चढत्या क्रमाने आहेत. गाडी दरवर्षी साधारण वीस हजार चालत होती. नोव्हेंबर २०२२ नंतर अधिकृत सेंटरला ती गेलेलीच नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे ती ६१,३४० वर उभी राहते. म्हणजे अडीच वर्षांत ती ४७ हजार किलोमीटर उलटी चालली. त्या नोंदींची प्रिंट सेंटरच्या शिक्क्यासह सोबत जोडली आहे. ही नोंद काढायला तिथल्या माणसाला चहा पिऊन होईल एवढाही वेळ लागला नाही. आपल्या दोनशे मुद्द्यांत हा एक मुद्दा बसला नाही का?

आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोडा घेणारा आधी त्याच्या तोंडात बघतो, कारण वय दातांवर कळते, आणि दात कानशीने घासून घोडा तरणा दाखवणारे व्यापारीही असतात. पण तो व्यापारी 'दात तपासले' असा छापील दाखला हातात देत नाही. आपण दिला, आणि त्याचे पैसे घेतले.

मीटर आपण फिरवला, आधीच्या मालकाने फिरवला की मधल्या कोणा एजंटाने, हे मला माहीत नाही आणि ते शोधणे माझे काम नाही. माझा व्यवहार आपल्याशी झाला. पावती आपली, अहवाल आपला. हेल्पलाइनवरचे उत्तर असे की "मीटरवर जे दिसलं ते आमच्या इंजिनिअरनं लिहिलं." मीटरवर काय दिसते ते मलाही वाचता येते.

याहून मोठी गंमत वॉरंटीच्या कागदात आहे. बारीक अक्षरांत लिहिले आहे की मीटरशी छेडछाड आढळल्यास वॉरंटी रद्द समजली जाईल. म्हणजे उद्या इंजिनाचे काम निघाले आणि मी वॉरंटी मागितली, तर आपलाच माणूस सर्व्हिस रेकॉर्ड काढून म्हणणार, काका, मीटर फिरवलाय, वॉरंटी नाही. हे १२,००० रुपये मी ज्या दिवशी भरले, त्याच दिवशी ते पाण्यात गेले होते. 'पाच दिवसांत पसंत नसल्यास परत' या आपल्या योजनेची मुदत संपली, असेही मला सांगण्यात आले. ती मुदत पसंतीसाठी आहे. खोट्या माहितीवर झालेल्या विक्रीला ती कशी लागू होईल?

अपघाताबद्दल थोडक्यात. उजवा हेडलाइट लख्ख आणि डावा पिवळा पडलेला आहे. उजव्या फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला आहे. हे पुरावे म्हणून कच्चे वाटत असतील तर आपणच दिलेल्या विम्याच्या पॉलिसी बघा. क्लेम न करणाऱ्याला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, पहिल्या वर्षी २० टक्के मिळतो, पुढे २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. आठ वर्षांच्या, क्लेम न झालेल्या एकाच मालकाच्या गाडीला तो ५० हवा. २०२३-२४ च्या पॉलिसीत तो शून्य आहे, २०२४-२५ मध्ये २०. विमा मधेच बंद पडला असता तरी असे झाले असते, पण दोन्ही पॉलिसींवर आधीच्या पॉलिसीची तारीख छापलेली आहे आणि एक दिवसाचाही खंड नाही. मग २०२२-२३ मध्ये क्लेम कशाचा झाला? आपल्या अहवालात तर 'अपघात नाही, रंग मूळचा' असे आहे.

गाडी अजून माझ्या नावावर झालेली नाही, हे वेगळेच. आरसीवर पहिल्या मालकाच्या बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच आहे. तो उतरवायला बँकेचा ना-हरकत दाखला आणि अर्ज ३५ लागतो, आणि तो दाखला 'येतोय' असे मी एप्रिलपासून ऐकतो आहे. ठाण्यातले जुने ई-चलानही गाडीच्या नंबरवर थकलेले दिसते. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मालकाने अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याचे अर्ज २९-सी भरून परिवहनच्या पोर्टलवर कळवायचे असते आणि त्यानंतर गाडीच्या कागदपत्रांची व भानगडींची जबाबदारी विक्रेत्यावर येते. तो अर्ज भरला गेला का, कोणत्या तारखेला भरला गेला आणि आपल्याकडे विक्रेता म्हणून आरटीओचे अधिकारपत्र आहे का, याची प्रत मला हवी आहे. दुसऱ्याच्या नावावरची गाडी मी रस्त्यावर काढत नाही. कुठे काही झाले तर कोर्टाचे खेटे कोणी घालायचे?

तेव्हा माझी मागणी अशी की, गाडी परत घ्यावी आणि ५,९३,५०० रुपये अधिक एसीचे २१,४०० मिळून ६,१४,९०० रुपये माझ्या खात्यावर जमा करावेत. गाडी नेण्याचा खर्च आपला. किंमत कमी करून, काही रक्कम परत करून गाडी माझ्याकडेच ठेवण्याचा प्रस्ताव कृपया पाठवू नये. नाशिकच्या व्यवस्थापकांनी तो तोंडी सुचवून झाला आहे. मीटर फिरवलेली गाडी पुढे मी कोणाला आणि काय सांगून विकणार? सांगितले तर कोणी घेणार नाही, आणि न सांगता विकण्याचा धंदा मला करायचा नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे आपल्या पावतीच्या मागे 'न्यायक्षेत्र पुणे' छापले आहे म्हणून मी पुण्याला येईन असे समजू नये. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला तिथे २०० रुपये फी आहे. मुदत दोन वर्षांची आहे, पण मी एवढा थांबणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आधीच नोंदवली आहे. तसेच मीटरच्या प्रकाराबाबत पोलिसांत अर्ज देण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो.

सोबत पावती, तपासणी अहवाल, सर्व्हिस नोंदींची प्रिंट, दोन्ही पॉलिसी, एसीचे बिल आणि पेडल, स्टिअरिंग व ऑइलच्या कागदाचे फोटो जोडले आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत, ते कोणालाही दिले जाणार नाहीत. फोन करू नये, जे काही असेल ते लेखी कळवावे.

गाडी घराच्या पत्र्याखाली झाकून उभी आहे. आजचे रीडिंग ६२,५१८. तारखेसह फोटो काढून ठेवला आहे. आपला माणूस न्यायला येईल तेव्हा त्याने मीटर वाचून, आकडा लिहून त्याखाली सही करावी, मगच किल्ली मिळेल.

आपला ग्राहक,
(सही)
अमळनेर, जि. जळगाव