न्यूटनचा सौदा शिकवा

महोदय,
बाजार कोसळला की चर्चा व्याजदरांची आणि नियमांची होते, माणसाच्या स्वभावाची क्वचितच. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला हे फार खटकते. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी या व्यापारी कंपनीचा शेअर जानेवारीत सुमारे १२८ पौंडांवर होता. उन्हाळ्यात तो हजाराच्या घरात गेला आणि वर्षअखेरीस दोनशेच्या खाली आला. आयझॅक न्यूटनने आधी शेअर विकून चांगला नफा पदरात पाडून घेतला होता. पण भाव चढतच राहिले, आणि तो चढ्या भावात पुन्हा शिरला. जबर फटका बसला. एवढ्या बुद्धिमान माणसाचाही इतरांचा नफा पाहून संयम सुटतो! १९२९मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, तेव्हा कर्ज काढून शेअर घेणाऱ्यांचीही हीच गत झाली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सूत्रांच्या आधी न्यूटनचा हा प्रसंग यावा, अशी कळकळीची विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका