ब्लूबेरीबरोबर जांभळाचंही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला ब्लूबेरीवरचा मजकूर वाचून माझ्या ७७ वर्षांच्या मधुमेही वडिलांनी रोज १० ब्लूबेरी खायचं मनावर घेतलं. दादरला १२५ ग्रॅमची डबी ३५० रुपयांना मिळाली. सकाळी ते स्टीलच्या वाटीत १० दाणे मोजून घेतात आणि डबी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवतात. त्या पैशात आमच्या घरात तीन-चार दिवसांची भाजी येते, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण 'साखर आटोक्यात राहील' ही आशा मोठी असते.

फळ चांगलंच आहे. १०० ग्रॅममध्ये साधारण ५७ कॅलरी, १० ग्रॅम साखर, अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू, शिवाय के जीवनसत्त्व आणि मँगनीज. क जीवनसत्त्व मात्र जेमतेम १० मिलिग्रॅम. आपल्या पेरूत ते २०० च्या वर असतं. ब्लूबेरीची खरी ख्याती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. मी एक दाणा सुरीनं चिरून बाबांना दाखवला. आत फिकट हिरवट गर, रंग सगळा सालीत. जांभूळ खाल्लं की जीभ कितीतरी वेळ जांभळी राहते, तो रंगही अँथोसायनिनचाच. करवंदाचा आणि कोकमाचाही. पुरवणीत यांचा साधा उल्लेखही नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

ब्लूबेरीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रानमेवाच होती. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी ती वाळवून ठेवत. या झुडपाला आम्लधर्मी मातीच लागते, हे फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१० मध्ये मांडलं. ते वाचून न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना आपल्या शेतावर बोलावलं. रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या आसपासच्या लोकांना त्यांनी सर्वांत मोठ्या फळांची झुडपं शोधायला सांगितलं, त्याचे पैसे दिले, झुडपांना त्या लोकांची नावंसुद्धा दिली. १९१६ मध्ये लागवडीतलं पहिलं पीक विक्रीला गेलं. आज आमच्या डबीवर 'पेरू' देशाचं नाव आहे, इतका तो पसारा वाढला.

आपल्याकडे कुठल्या झाडाची जांभळं टपोरी, कुठल्या जाळीतली करवंदं गोड, हे रानात फिरणाऱ्या आदिवासी बायकांना पाठ असतं. मे महिन्यात त्या स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात आणि आपण त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आमच्या चाळीत हे कुणाला माहीत नाही.

विनंती एवढीच, की असे लेख छापताना परदेशी फळाशेजारी आपल्या मोसमी फळांचे आकडे आणि दोन्हींचे भाव द्यावेत. कुठलंही फळ मधुमेहाच्या गोळीची जागा घेत नाही, हेही ठळक छापावं. आणि दुकानात मिळणाऱ्या सुक्या ब्लूबेरीत बहुतेक वेळा वरून साखर घातलेली असते. ते पाकीट बाबा परवा घेऊनच निघाले होते, मी मागचा मजकूर वाचून दाखवला म्हणून परत ठेवलं. जांभळं जूनमध्ये येतील. त्याआधी हे छापून आलं तर कात्रण बाबांच्या वाटीशेजारी ठेवीन.

आपली,
एक वाचक, परळ