मांडवीच्या पाण्याचे आकडे सगळ्यांसाठी खुले करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याजवळ इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. आपल्या पेपरात पुराच्या, पडझडीच्या बातम्या रोज वाचतो, म्हणून एक मागणी मांडतोय. गोव्यात पाऊस, नद्यांची पातळी, भरती-ओहोटी हे सगळं सरकारी पैशातून मोजलं जातं. ते आकडे जसेच्या तसे, कुणालाही डाउनलोड करता येतील असे नेटवर ठेवा. बस, एवढंच.

माझ्या वर्गातली मुलं जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या प्रोटॉनच्या टकरींचा खरा डेटा लॅपटॉपवर उघडून बघतात. सर्नने नोव्हेंबर 2014 मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं, तिथे पासवर्ड लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही, डेटाबरोबर तो वाचायचं सॉफ्टवेअर आणि उदाहरणंसुद्धा दिलेली असतात. आणि हे नुसतं मुलांना खेळायला दिलेलं नाही. 2017 मध्ये एमआयटीच्या जेसी थेलर यांच्या टीमने, जी सर्नच्या सीएमएस या प्रयोगात नव्हती, त्याच खुल्या डेटावर स्वतंत्र अभ्यास करून पेपर छापला. मशीन बांधणारे वेगळे, डेटा तपासणारे वेगळे, तरी दोघांचं काम पुढे गेलं.

गुरुत्वीय लहरींचंही, म्हणजे अवकाशात दूरवरच्या टकरींमुळे उठणाऱ्या सूक्ष्म लहरींचंही, तसंच. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगो डिटेक्टरांना पहिला सिग्नल मिळाला, फेब्रुवारी 2016 मध्ये जाहीर केला तेव्हा त्या सिग्नलचा डेटाही सोबतच खुला केला. मग 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याचा सिग्नल आला, आणि इटलीतल्या व्हर्गो डिटेक्टरचा डेटा जोडला म्हणून आकाशात नेमकं कुठे बघायचं ते कळलं, काही तासांत दुर्बिणींनी ती टक्कर झालेली आकाशगंगा शोधली आणि जगभरच्या सत्तरेक वेधशाळा तिकडे वळल्या. तेव्हा असा सिग्नल आल्याचे अलर्ट करार केलेल्या टीमनाच जायचे, 2019 पासून ते सगळ्यांना खुले झाले. आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहतंय, केंद्राने 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. त्याचा उपयोग जगाला होणार तो इतर डिटेक्टरांबरोबर डेटा जुळवूनच, एकटं ते यंत्र दिशा सांगू शकणार नाही.

आता आपल्या नदीचं. माझ्या मुलांच्या एका ग्रुपला फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मांडवीच्या पातळीचे आकडे हवे होते. आधी अर्ज, मग प्राचार्यांच्या सहीचं पत्र, मग साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या, असं करत शेवटी हातात काय पडलं तर स्कॅन केलेली पीडीएफ, तीही तिरकी. मुलांनी बसून सगळं हाताने टाईप केलं. तेही चाललं असतं, पण वेळेच्या कॉलमवर ती वेळ आयएसटी (भारतीय वेळ) की जीएमटी (ग्रीनिचची वेळ) हेच लिहिलेलं नव्हतं! फरक साडेपाच तासांचा, आणि आपल्याकडे भरतीपासून ओहोटीपर्यंत जातात साधारण सहा तास, म्हणजे चुकीची वेळ धरली तर ग्राफवर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच येते. पातळी कुठल्या शून्यापासून मोजली, चार्ट डेटम (नौकानयनाच्या नकाशांवरचा शून्य, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीचा) की सरासरी समुद्रसपाटी, तेही नाही. मुरगावच्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून बघितलं तेव्हा कुठे वेळेचा उलगडा झाला. प्रोजेक्टचा अर्धा वेळ यातच गेला, आणि मला त्याचा फार राग आहे, कारण त्या मुलांना मुळात पाऊस जोरात असताना भरती आली तर पाणी किती चढतं हे शोधायचं होतं. खाजन शेतीचे (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतांचे) बांध आणि मानस (पाण्याची दारं) सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर हवं आहे.

आणि गोव्याला हे नवीन नाही हो. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 साली स्थापन झाली तीच मुळी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून, ज्यात अनेक देशांची जहाजं मिळून मोजमाप करत होती. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवीच्या काठी वेरेला बसवलेल्या पाण्याच्या पातळीच्या मापकाने 12 सप्टेंबर 2007 च्या सुमात्रा भूकंपानंतरची त्सुनामीची छोटी लाट टिपली, आणि आकडे मोबाईल नेटवर्कवरून इंटरनेटवर येत होते. 2007 मध्येच वेरेचं पाणी लाइव्ह दाखवता येत होतं, तर आज प्रत्येक नदीचं का नाही?

लोक म्हणतात डेटा दिला की कुणीतरी त्याचा चुकीचा अर्थ काढेल. काढतील, काही जण नक्की काढतील, पण तोच डेटा समोर असला की दुसरा कुणीतरी ती चूक दाखवू शकतो, कपाटात ठेवला तर कुणीच नाही. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो, की ज्यांनी चिखलात उभं राहून मोजलं त्यांचं नाव मागे पडतं. त्यावर उपाय आहे. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ज्याने निरीक्षण घेतलं त्याला आधी ठराविक मुदत मिळते, तोवर डेटा फक्त त्याचा, मग सगळ्यांचा. शिवाय प्रत्येक डेटासेटला डीओआय नंबर, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, देता येतो, त्यामुळे वापरणाऱ्याला मूळ टीमचा नेमका उल्लेख करता येतो. पूर आणि पावसाच्या रोजच्या आकड्यांना मात्र अशी मुदत नको, ते त्याच दिवशी हवेत.

केंद्राचं डेटा खुला करायचं धोरण 2012 पासून आहे, त्यामुळे नवा कायदा करा वगैरे मी म्हणत नाही. मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या मापकांची रीडिंग साध्या सीएसव्ही फाईलमध्ये (एक्सेलमध्येही उघडणारी साधी तक्त्याची फाईल) टाका, वेळ आयएसटी की जीएमटी ते लिहा, शून्य कुठलं ते लिहा, मापक बदललं असेल तर कधी बदललं ते लिहा, आणि मध्ये रीडिंग चुकलं असेल तर जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, भरलेला खोटा आकडा नंतर ओळखता येत नाही.

जुन्या रजिस्टरांचं काम मोठं आहे, माणसं कमी आहेत, हे मलाही दिसतं. त्यासाठी आमच्या कॉलेजची मुलं तयार आहेत, कार्यालयात बसून टाईप करतील, दोघांनी वेगवेगळं टाईप करून ताडून बघतील, आणि मूळ पानाचा फोटोही सोबत ठेवतील. परवानगीचं पत्र मिळालं तर दिवाळीच्या सुट्टीत मांडवीपासून सुरुवात करू.

आपला,
इंजिनिअरिंगचा एक शिक्षक, फोंडा