विहिरीकडचं रान विकू नका

ती. अण्णा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर विषय निघाला आणि अर्ध्यावर राहिला. अण्णा, जमिनीचं बोलायला लागलं की तुम्ही "बरं, बघू" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून हे सगळं कागदावर लिहितोय. आई, तू मोठ्यानं वाच आणि अण्णांना मध्ये उठून जाऊ देऊ नको.

विहिरीकडचं रान विकू नका. माझ्या नोकरीसाठी तर अजिबात नको.

ज्या गृहस्थांनी १८ लाखांत "पोराचं काम करून देतो" म्हणून शब्द दिलाय, त्यांच्याकडे तुम्ही माझ्या काळजीनंच गेलात, हे मला कळतं. बीए झालं, चार पैसे मिळावेत म्हणून चाकणला कंपनीत कंत्राटावर राबलो, ते सोडून या वयात बीएडला आलो. भावकीत लोक विचारतात, तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. पण अण्णा, ही शिक्षक भरती कशी होते ते एकदा नीट ऐका, मग ठरवा.

तुमच्या माहितीतली पद्धत अशी : संस्थेनं जाहिरात द्यायची, मुलाखत घ्यायची, माणूस भरायचा. २ मे २०१२ ला सरकारनं शिक्षक भरती थांबवली आणि त्यानंतर संस्थांनी आपल्या मनानं भरलेल्या कित्येकांना वर्षानुवर्षं मान्यताच मिळाली नाही. पुढं २०१७ मध्ये पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ, आलं. आता आधी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यायची. २०० प्रश्न, दोन तास, संगणकावर. त्यातले १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. त्या गुणांवर यादी लागते. जिल्हा परिषदेची शाळा असो नाहीतर खाजगी अनुदानित, माणूस या पोर्टलमधूनच जातो. खाजगी संस्थेला मुलाखत घेण्याची मुभा आहे, पण मुलाखतीला कुणाला बोलवायचं ती नावंसुद्धा पोर्टलवरूनच येतात. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपरही लागतो. माझा सामाजिक शास्त्राचा. दीडशेपैकी साठ गुण विषयाचे, बाकी मानसशास्त्र आणि दोन भाषा. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, अभियोग्यता चाचणी मात्र चुकत नाही.

मग ते गृहस्थ १८ लाख कशाचे मागतायत? मला तर एकच वाट दिसते. विनाअनुदानित तुकडीवर उभं करतील आणि "दोन-तीन वर्षांत अनुदान येतंय" म्हणून सांगत राहतील. आपल्या पाहुण्यांतलं उदाहरण तुमच्यासमोर आहे, नाव लिहीत नाही. जमीन गेली, दहा वर्षं शिकवलं, अनुदान टप्प्याटप्प्यानं येतंय असं ऐकत राहिले आणि घर वहिनींच्या शिवणकामावर चाललं. शिकवतात ते फार चांगलं, मी त्यांचा तास ऐकलाय. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यावर वेळच तशी आली होती. आपल्यावर आलेली नाही. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, नागपूरकडच्या शालार्थ आयडीच्या, म्हणजे शिक्षकाला सरकारी पगारासाठी मिळणाऱ्या क्रमांकाच्या, घोटाळ्याच्या बातम्या तुम्हीही पेपरात वाचल्यात. पैसे देऊन घेतलेली जागा कधी चौकशीत सापडेल याचा नेम नाही. आणि सगळं सुरळीत झालं तरी हिशेब करा. रीतसर लागलो तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. माध्यमिकला मानधन महिन्याला १८,००० रुपये. २०२३ पर्यंत ते ८,००० च होतं. म्हणजे तुमचे १८ लाख त्या मानधनाच्या शंभर महिन्यांएवढे झाले. आठ वर्षांच्या वर. तेवढ्या काळात त्या रानातली मालदांडी ज्वारी आपल्याला काय काय देईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

वाट लांब आहे हे मी लपवत नाही. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. पुढची कधी लागेल ते माझ्या हातात नाही. शाळेत किती शिक्षक राहणार ते संचमान्यतेत पटावरून ठरतं, आणि पट घटला की आमच्या सामाजिक शास्त्राच्या जागेवर आधी गदा येते. बीएडसुद्धा २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, तुमच्या ओळखीच्या मास्तरांसारखं एका वर्षात उरकत नाही. हे सगळं धरूनच मी इथं आलोय. बीएड झाल्यावर चाचणी लागेपर्यंत तासिका तत्त्वावर मिळेल तिथं शिकवीन आणि सोबत इतिहासात एमए करीन. एमए असलं की अकरावी-बारावीचा दरवाजाही उघडतो. गणित आणि तर्काचे प्रश्न आम्हा बीएवाल्यांना जड जातात हे खरं, पण रोज रात्री जेवणानंतर आम्ही तिघं-चौघं खोलीवर बसून तेच सोडवतो. गाडी-वेळ-अंतर आता बरं जमायला लागलंय.

आता आई, तू विचारलंस ते. "दोन वर्षं नेमकं शिकवतात तरी काय रे? तुला तर सगळं येतंच."

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटांचा पाठ, आणि समोर मुलं नाहीत, आमच्यातलेच छात्राध्यापक विद्यार्थी होऊन बसतात. एका पाठात एकच कौशल्य धरायचं. विषयप्रवेश, फलकलेखन, दाखले देणं, प्रश्न विचारणं. सहा मिनिटं झाली की बाकीचे काय राहिलं ते सांगतात, टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, पुन्हा लिहायचं, तोच पाठ पुन्हा घ्यायचा. बाहेरच्याला पोरखेळ वाटेल. पण प्रश्न-कौशल्याच्या वेळी आमच्या मेथडच्या सरांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारायचा. मग थांबायचं. मग नाव घ्यायचं. आधीच नाव घेतलं की बाकीची पोरं विचार करायचं सोडून देतात. आणि ते मधलं थांबणं, चार-पाच सेकंदांचं, नव्या शिक्षकाला सगळ्यांत अवघड जातं. शांतता सहन होत नाही, आपणच उत्तर देऊन मोकळं होतो.

आता आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावर शिकवायच्या सरावासाठी, आम्हाला शाळा दिल्यात. मला सोलापूरच्या पूर्व भागातली मिळाली. मराठी माध्यम, पण निम्म्याहून जास्त मुलांच्या घरात तेलुगू. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. पालकभेटीला गेलो तर बाई मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, बोटं चालू आणि माझ्याशी बोलणंही चालू. मुलगी शाळेतून आली की पानं कापून देते आणि मग अभ्यासाला बसते. मी मंगळवेढ्याकडचा म्हटल्यावर पोरं दामाजीपंतांची गोष्ट सांगायला लावतात. दुष्काळात कोठारं उघडली तिथवर आलो की वर्ग हलत नाही.

मागच्या आठवड्यात आठवीवर सविनय कायदेभंगाचा पाठ होता. पुस्तकात सोलापूरच्या सत्याग्रहावर थोडंसंच आहे. मी टाचणात विषयप्रवेशाला दांडीयात्रा घेतली नाही, चार हुतात्मा चौक घेतला. हात वर करा म्हटलं, कोण कोण तिथून येतं-जातं. सगळा वर्ग. मग त्यांच्या गावाचं १९३० सांगितलं : गांधीजींना अटक झाली, गिरण्यांचं गाव पेटून उठलं, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले, शहरात मार्शल लॉ लागला. मग खटला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. चारही नावं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, "या नावांकडं बघून तुम्हाला काय विचारावंसं वाटतं?" आणि थांबलो.

कुणी बोलेना. मागं सर बसलेले, निरीक्षणाची वही उघडी. मी तरीही थांबलो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, आधी शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली. शेजारीण म्हणाली, "सर, ती विचारतीय, हे चौघं आधीपासून एकमेकांना ओळखत होते का?"

अण्णा, बीएच्या तीन वर्षांत इतका नेमका प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. चौघांची घरं वेगळी, धंदे वेगळे, एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. एका खटल्यात आणि एका फाशीत ते एकत्र आले, पण त्याआधी? मी तिला "शाब्बास" म्हणून पुढं गेलो नाही. तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि विचारलं, हे शोधायचं तर कुठं शोधावं लागेल? मग वर्ग सुटलाच. एक म्हणाला, जुन्या पेपरात. कुर्बान हुसेन स्वतः पत्र चालवत होते, हे मी तिथं सांगितलं. एक म्हणाला, कोर्टाच्या कागदात. एक म्हणाला, त्यांच्या घरच्यांना विचारायचं. एकानं विचारलं, "पण सर, कोर्टाचे कागद तर इंग्रजांनीच लिहिलेले, ते खरं कशाला लिहितील?" आठवीतलं पोर! साधनं कोणती आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा, हाच तर आमचा सगळा विषय.

तास संपला तेव्हा टाचणातले शेवटचे दोन मुद्दे राहून गेले होते. सरांनी निरीक्षणात ते लिहिलं, आणि खाली लिहिलं, "राहू द्या. असेच घ्या."

"बीए करून काय मिळालं" हे मी घरच्या अंगणात, चाकणच्या कँटीनमध्ये, सोयरिकीच्या बोलण्यात ऐकत आलोय. मला मिळालं ते हे. लिहिलेल्या गोष्टीला कुणी लिहिलं, का लिहिलं, कुणाचं सांगायचं राहिलं, असं विचारायची सवय. त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला हे आठवीत मिळालं, तर ती पुढं काहीही करो, विड्यांचा ठेकेदार हिशेबाचा कागद पुढं करील तेव्हा ती वाचून, विचारून सही करील. हे काम मला करायचंय आणि ते माझ्या हातून चांगलं होईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच मला त्या वर्गात पैसे मोजून उभं राहायचं नाही. अशा मुलांपुढं कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे सांगायचे आणि आपली खुर्ची कशी आली हे मनात दाबून ठेवायचं, हे मला जमणार नाही. लागलो तर यादीत नाव येऊन लागेन.

आई, लग्नाचं. तुला रात्री झोप येत नाही हे ताईनं मला सांगितलं. नोकरीशिवाय मुलगी कोण देणार, हे तुझं म्हणणं खोटं नाही, आपल्या गल्लीतच तीन-चार घरांत हेच चाललंय. पण जमीन विकून मिळवलेली नोकरी बघून जे मुलगी देतील, ते उद्या जमीन कुठं गेली हेही विचारतील. जरा धीर धर. जे स्थळ येईल त्यांना स्पष्ट सांग : पोरगा बीएड करतोय, शिकवतोय, परीक्षा देतोय, रान आहे तसं आहे. हे ऐकून जे थांबतील त्यांच्याशी बोलू. आणि गोळ्या वेळेवर घे, रक्तदाबाची वही मी आल्यावर बघणार आहे.

अण्णा, गुडघा दुखत असताना पाणी द्यायला रात्री जाऊ नका, दिवसाची लाइट असेल तेव्हाच जा. काढणीला माणसं मिळत नाहीत म्हणून या वेळी लवकर सांगून ठेवा, मीही सुट्टी धरून येतो. आंतरवासितेच्या मुख्याध्यापकांशी बोललोय, जोडून दोन दिवस मिळतील.

त्या गृहस्थांना तुमच्या तोंडून नाही म्हणणं जड जाईल, गावातला माणूस आहे. मी आलो की आपण दोघं जाऊ, मी बोलतो. आणि रानासाठी कुणाकडून इसार घेतला असेल तर माझी वाट न बघता उद्याच परत करा. व्याज मागितलं तर ते मी भरीन.

तुमचा,
संतोष