मंत्रीमहोदय, जनावरांच्या कानात टॅग आहे, आमची नोंद कुठं आहे?

मा. पशुसंवर्धन मंत्रीमहोदय, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्या हाताच्या अंगठ्यानं टाईप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी नाशिक जिल्ह्यात कंत्राटी पशुवैद्यक आहे. गेल्या आठवड्यात सिन्नरकडं एका वस्तीवर गाय अडली म्हणून फोन आला. वासराचा पुढचा एक पाय मागं दुमडलेला, गाय पहाटेपासून कळा देऊन दमलेली. खोडा (जनावर अडकवून धरायची लोखंडी चौकट) नाही, गाय लिंबाला बांधलेली, सोबत व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टीला मदत करणारा कर्मचारी नाही, कारण ती जागा भरलेलीच नाही. खांद्यापर्यंत हात आत घालून पाय सरळ करत होते आणि गाय एकदम खाली बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मग डाव्या हातानं दोरी अडकवली, घरातल्या सूनबाईंनी ओढलं आणि कालवड जिवंत बाहेर आली. त्या माऊलीनंच माझ्या हाताला ओढणी बांधली.

दवाखान्यात सांगितलं प्लेट टाकावी लागेल. मी ठेकेदाराच्या माणसाला फोन केला तर पहिला प्रश्न, उद्या ड्युटीला कोण? दुसरं वाक्य, काम नाही तर पगार नाही. विमा? असलं काही करारात नाही म्हणे. आणि मला राग याचाच आलाय, कारण मागच्या वर्षी एका बैठकीत आम्हा सगळ्यांसमोर वरिष्ठांनी सांगितलं होतं की कंत्राटी पशुवैद्यकांना अपघात विमा आणि रेबीजची लस दोन्ही मिळेल, यादी मागवलीय. आम्ही आधार कार्डासकट यादी दिली. त्यानंतर विचारायला गेलं की फाईल वर आहे. वर म्हणजे कुठं ते कोणीच सांगत नाही.

रेबीजचं मुद्दाम लिहिते कारण मंत्रालयात बसून हे दिसत नाही. गाय लाळ गाळतेय, खात नाही, मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलं. बघायला तोंडात हात घालावाच लागतो, आणि दोन दिवसांनी कळतं की तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. हा प्रकार माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक फील्डवरच्या पशुवैद्यकासोबत घडलाय. आधीच घेऊन ठेवायची लस काही शे रुपयांची आहे हो. ब्रुसेलोसिसचं, म्हणजे गायी-म्हशी गाभडतात आणि माणसालाही होतो त्या रोगाचं तसंच, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचायची लस जिवंत जंतूंची असते, कालवडीनं उडी मारली आणि सुई आपल्याच बोटात गेली तर तो ताप आपल्याला येऊ शकतो. खोडा नसताना एकटीनं हे करायचं म्हणजे काय ते एकदा येऊन बघा.

२०१९ मध्ये केंद्रानं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी १३,३४३ कोटींचा कार्यक्रम आणला. चांगलं केलं, मी त्यासाठीच राबते. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी टॅग, प्रत्येक डोसची ॲपवर नोंद. सुरगाणा-पेठकडं रेंज नाही म्हणून वहीत लिहून आणायचं आणि रात्री घरी बसून भरायचं, आकडा कमी दिसला की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नाव टाकून झापायचं. बारा अंकी नंबर जनावराला आहे आणि ते टोचणाऱ्या माणसाची कुठंच नोंद नाही, ना सेवापुस्तक, ना रजा, ना विमा. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत गाय मेली तर मालकाला ३० हजार, बैलाला २५, वासराला १६ अशी मदत होती आणि ती मिळायलाच हवी होती, त्यांचे पंचनामे मीच रात्री बॅटरीच्या उजेडात केलेत. माझा हात मोडला तर पंचनामा कोणी करायचा?

शेतकऱ्यांवर माझा राग नाही. लाखाच्या घरातली गाय डोळ्यासमोर जात असेल तर माणूस ओरडणारच, आमची गाडी उशिरा आली की व्हिडिओ काढून व्हायरल करतो म्हणणारच. त्याला काय माहीत की मी दुसऱ्या टोकाला बिबट्यानं मारलेल्या शेळीचं पोस्टमॉर्टेम करत होते, त्या कागदाशिवाय वनखातं भरपाई देत नाही. वस्तीवर उतरले की आधी विचारतात, ताई, डॉक्टरसाहेब नाही आले का. तेही सवयीचं झालं. पण दिवसभर फिरतीवर बाईमाणसानं लघवीला कुठं जायचं हा प्रश्न एवढ्या वर्षांत एकाही बैठकीत आलेला नाही, मी काढला तर सगळे खाली बघायला लागले.

माझ्या बॅचचे लोक कुठं आहेत सांगते. कोणी नाशकात कॉलेज रोडला कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक टाकलं, कोणी कोंबडीच्या कंपनीत, कोणी औषध कंपनीत टार्गेट मागं पळतोय, एक जण बँकेची परीक्षा पास होऊन सुटला. साडेपाच वर्षं शिकून. त्यांना नावं ठेवू नका, थांबायला कारणच दिलेलं नाही. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ मध्ये सांगून ठेवलंय, पाच हजार जनावरांमागं एक पशुवैद्यक. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात शेळ्या-मेंढ्या धरून ३ कोटी ३० लाखांच्या आसपास पशुधन आहे. एमपीएससीनं २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सरकारी पशुवैद्यकांच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली, म्हणजे एवढ्या खुर्च्या रिकाम्या ठेवून खातं चालवलं होतं आणि ती कामं आमच्यासारख्यांच्या अंगावर होती. पशुसंवर्धनाला शेतीसारखा दर्जा दिल्याची घोषणा झाली, टाळ्या झाल्या. सिंहस्थासाठी नाशकात रस्ते, घाट होतायत, होऊ देत. पण त्याच जिल्ह्यात गावोगाव एक लोखंडी खोडा बसवायला पैसे नाहीत हे मला पटत नाही.

मला सत्कार नको. कंत्राटी असो की कायम, फील्डवरच्या प्रत्येकाला अपघात विमा आणि रेबीजची लस, जखमी झाल्यावर पगारी रजा, गावात खोडा आणि गाडीवर एक माणूस सोबत. यातला विमा आणि लस तर बैठकीतच कबूल केली होती. आता घटसर्प-फऱ्या या गुरांच्या पावसाळी रोगांचं लसीकरण पावसाच्या आत संपवायचंय आणि मला प्लास्टर असतानाच हजर व्हा म्हणून निरोप आलाय. मी हजर होणार नाही. आधी आमची ती यादी कोणत्या टेबलावर आहे ते लेखी कळवा.

करार दरवर्षी नव्यानं होतो म्हणून नाव लिहिलेलं नाही.

आपली,
एक कंत्राटी पशुवैद्यक, नाशिक जिल्हा